प्रभू वाटेत थांबला

(वाचावयाचा शास्त्रभाग : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ५, वचने २१ ते ३४)



याईराच्या घराकडे जाताना वाटेत जे घडले ते आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणापासून ऐकिले आहे. सभास्थानाचा तो अधिकारी प्रभूच्या पाया पडला, कारण त्याची बारा वर्षांची मुलगी मरणास टेकली होती. प्रभू त्याजबरोबर निघाला, आणि लोकांचा मोठा जमाव त्याच्याभोवती दाटला. त्या दाटीत एक स्त्री पाठीमागून आली. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबला नव्हता. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळ होते नव्हते तेवढे सर्व खर्चिले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. तिने प्रभूच्या वस्त्रास हात लाविला, आणि त्याच क्षणी तिचा स्राव बंद झाला.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या स्त्रीचे शरीर बरे झाले ते प्रभू थांबण्याच्या आधी. तो तसाच पुढे चालत राहिला असता, तरी ती निरोगी होऊनच घरी गेली असती. याईराला एकेक घटका युगासारखी वाटत होती. एवढ्या गर्दीत मला कोण शिवले हे विचारण्यात काय अर्थ, असे शिष्यांसही वाटले. तरी प्रभू थांबला. रोग गेला असताना तो कशासाठी थांबला? या प्रश्नाविषयी आज आम्हांस आपणांशी बोलावयाचे आहे.

त्या स्त्रीचा रोग शरीराचा होता खरा, पण तिचे दुःख शरीरापुरते नव्हते. लेवीयाच्या पंधराव्या अध्यायातील नियमाप्रमाणे तिला नित्याचा विटाळ होता. ती ज्या अंथरुणावर निजे, ज्या आसनावर बसे, त्यास शिवणाराही अशुद्ध होई. म्हणजे बारा वर्षांत तिला मायेने कोणी जवळ घेतले नसेल, आणि भक्तीच्या ठिकाणी इतरांबरोबर उभे राहणेही तिच्या नशिबी नव्हते. त्यावर दारिद्र्य आले. त्यावर भय आले, इतके की बरे झाल्यावरही ती थरथर कापत पुढे आली. रोग, एकटेपणा, दारिद्र्य आणि भय ही चार दुःखे एकाच देहात राहत होती आणि एकमेकांस पोशीत होती. वैद्यांनी त्यांतील एकच पाहिले, आणि तेही त्यांस बरे करिता आले नाही.

अशा स्त्रिया आज आपल्या गावांत आहेत. एच.आय.व्ही. या विषाणूची लागण झालेली सुमारे पंचवीस लक्ष माणसे आपल्या देशात आहेत, असा २०२३ सालचा सरकारी अंदाज आहे. त्यांतील सुमारे चार लक्ष एकट्या महाराष्ट्रात आहेत. कोणत्याही एका राज्यात याहून मोठी संख्या नाही. लागण झालेल्या प्रौढांपैकी शेकडा चव्वेचाळीस-पंचेचाळीस स्त्रिया आहेत. हा रोग ख्रिस्ती मंडळीच्या उंबरठ्याबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने ईशान्येकडील मिझोरामकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथे शंभरांत सत्त्याऐंशी माणसे ख्रिस्ती आहेत. आणि प्रौढांतील लागणीचे प्रमाण त्या राज्यात देशात सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा २.७३ आहे. सबंध देशाचे प्रमाण शेकडा ०.२० आहे. तेथे हा रोग शरीरसंबंधातून पसरतो, आणि अमली द्रव्ये टोचून घेणाऱ्यांच्या सुईतूनही पसरतो. बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाहून विषाणू दाराशी थांबत नाही.

आता अशी एक बहीण मनश्चक्षूंपुढे आणू या. तिचा नवरा ऊसतोडीस जाई, किंवा मालमोटार चालवी. तो आजारी पडून मेला, आणि त्याच्या मागे तिची तपासणी झाली तेव्हा तिलाही लागण असल्याचे कळले. सासरच्यांनी तिचे ताट-वाटी वेगळी केली. रात्री झोप येईना, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून ती घोटभर देशी पिऊ लागली, आणि वर्षाभरात घोटाची बाटली झाली. सकाळी उठावेसे वाटत नाही, लेकरांवर राग निघतो, विहिरीजवळून जाताना मनात भलतेच येते.

ही बहीण मदतीस निघाली तर तिला तीन दारे दिसतात. एच.आय.व्ही.ची गोळी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या रुग्णालयातील एका केंद्रात मिळते. मनाच्या दुखण्याचा डॉक्टर दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या वारी बसतो. दारू सोडविण्याचे केंद्र तिसऱ्या गावी असते, आणि तेथे बहुधा पुरुषांचीच खाट असते. दूरध्वनीवरून सल्ला घ्यावा म्हटले तरी क्रमांक तीन आहेत : एच.आय.व्ही.साठी १०९७, व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. हे तिन्ही क्रमांक उपयोगी आहेत, आणि वाचकांनी ते जरूर लिहून ठेवावेत. परंतु आपल्या बहिणीने आपल्या जिवाचे तीन तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळ्या क्रमांकास कसा सांगावा? प्रत्येक फेरीस तिची एक दिवसाची हजेरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते, आणि गावात विचारणा होते की ही सारखी तालुक्यास का जाते. त्यात एका दारी सांगतात की आधी दारू सोडून ये. दुसऱ्या दारी सांगतात की आधी मन ताळ्यावर आण. दोन-तीन फेऱ्यांनंतर ती कोठेच जात नाहीशी होते. मग आपण म्हणतो की बाईने हयगय केली.

व्यसनाच्या केंद्रांत स्त्रियांस जागा का नाही, याचे कारण संख्येत दडलेले आहे. दिल्लीच्या एम्स या संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे आपल्या देशात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शेकडा २७.३ आहे आणि स्त्रियांचे अवघे १.६. थोड्या म्हणून त्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. आणि पिणाऱ्या पुरुषास जग बिघडलेला म्हणते, पण पिणाऱ्या स्त्रीस जे म्हणते ते येथे लिहवत नाही, म्हणून त्या आपले व्यसन झाकून ठेवितात.

ही तीन दुखणी वेगवेगळी धरून चालत नाही, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील चार शहरांत लागण झालेल्या ७६५ स्त्रियांची कित्येक वर्षे पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे नैराश्य दीर्घकाळ टिकून राहिले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, ज्यांस ते नव्हते किंवा क्वचितच होते त्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. रोग किती वाढला होता आणि औषध कोणते चालू होते हे हिशेबात धरूनही हा फरक उरला. त्याच देशातील मेरिल सिंगर या मानववंशशास्त्रज्ञाने हार्टफर्ड शहरातील गरीब वस्त्यांत काम करून १९९६ साली दाखवून दिले की व्यसन, मारहाण आणि एड्स ही तीन संकटे शेजारी शेजारी उभी नसतात. ती एकमेकांत विणलेली असतात, आणि एक दुसऱ्याचे बळ वाढविते.

यात नवल ते काय? आपल्या घरांकडे पाहिले तरी हे समजते. जिला मार बसण्याचे भय आहे ती गोळ्यांची डबी पिठाच्या डब्यात लपविते, आणि घरात माणसे असली की ती डबी निघत नाही. जी संध्याकाळी पिते तिला रात्रीच्या गोळीची शुद्ध राहत नाही. जिचे मन विझले आहे ती म्हणते, जगून तरी काय करावयाचे? गोळ्या चुकत गेल्या की विषाणू त्या औषधास दाद देईनासा होतो. मग शरीर खचते, शरीर खचले की मन आणखी खचते, आणि मन खचले की हात पुन्हा बाटलीकडे जातो. हा गुंता एक धागा ओढून सुटत नाही. ओढाल तर गाठ घट्ट होते.

याउलट, तिन्हींवर उपाय आहेत, आणि ते चांगले आहेत. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.चे औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागले, आणि २०१७ पासून लागण कळताच ते प्रत्येकास सुरू करण्याचे धोरण ठरले. आता बहुतेकांस दिवसातून एकच गोळी पुरते. ती नेमाने घेतल्यास रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी होतो. मग तो शरीरसंबंधातून दुसऱ्यास लागत नाही. उपचार न घेतल्यास आईपासून बाळास लागण होण्याचे प्रमाण शंभरांत १५ ते ४५ असते. योग्य उपचाराने ते ५ च्या खाली येते. नैराश्य औषधाने आणि धीराच्या बोलण्याने हटते. दारूचे व्यसन हे उपचारास साथ देणारे दुखणे आहे. उणीव आहे ती या तिघांस एका ठिकाणी, एका दिवशी, त्या एका बाईपुढे आणून बसविण्याची.

आता पुन्हा प्रभूकडे पाहू. तो थांबला, आणि त्याने तीन गोष्टी केल्या.

पहिली ही की, त्याने वेळ दिला. सभास्थानाचा मानकरी वाट पाहत असताना, जिचे नावही कोणास ठाऊक नव्हते अशा बाईसाठी प्रभूने सर्व जमाव थांबविला. आमच्या समाजात मानकऱ्यासाठी गरीब बाई थांबते. प्रभूच्या राज्यात त्या दिवशी मानकरी थांबला. आणि त्यामुळे याईराचे काही गेले नाही; त्याची मुलगीही त्याला परत मिळाली.

दुसरी ही की, त्याने तिचे सर्व ऐकून घेतले. मार्क सांगतो की तिने प्रभूस सगळे खरे खरे सांगितले. बारा वर्षांचे सगळे. त्याने तिला मध्येच तोडले नाही. यातले रोगाचे तेवढे मला सांग, बाकीचे दुसऱ्या कोणाला सांग, असे तो म्हणाला नाही. एका माणसापुढे, एका वेळी, आपले सगळे दुःख मांडण्याची मोकळीक मिळणे हाच तिच्या बरे होण्याचा दुसरा भाग होता.

तिसरी ही की, त्याने तिला कन्या म्हणून हाक मारिली, आणि ती चारचौघांत मारिली. जिला बारा वर्षे कोणी घरात घेत नव्हते, तिला त्याने सर्वांसमक्ष नाते दिले. स्राव थांबल्याने तिचे शरीर बरे झाले होते; या हाकेने तिचे आयुष्य बरे झाले. शांतीने जा, असा निरोप तिला मिळाला तो यानंतर. प्रभू थांबला तो यासाठी.

येथे कोणी दोन आक्षेप घेतील, त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा की, हा रोग पापाचे फळ आहे. पुण्यातील गुप्तरोगांच्या चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात ज्या स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतील ३९१ जणींचा देहविक्रयाशी काही संबंध नव्हता. त्यांपैकी शेकडा १३.६ जणींस लागण झाली होती, आणि त्यांतील बहुतेकींनी पतीवाचून दुसरा पुरुष पाहिला नव्हता. ही माहिती १९९७ साली प्रसिद्ध झाली आहे. परंतु आम्ही आपला पाया या आकड्यावर रचीत नाही. बाई निर्दोष असली तरच तिची शुश्रूषा करावयाची, हा नियम प्रभूचा नव्हे. त्या गर्दीत त्याने दुखण्याचे कारण विचारिले नाही. जिने देह विकला तिलाही तीच गोळी, तीच खाट आणि तीच हाक मिळाली पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून घातक आहे. कित्येक सभांत असे सांगण्यात येते की, विश्वास असेल तर गोळ्या फेकून द्या. बंधूंनो, हा विश्वास नव्हे. ही परमेश्वराची परीक्षा पाहणे आहे. ज्याने वैद्यास बुद्धी दिली त्याच्याच हातून ती गोळी आली आहे. लूक, ज्याचे शुभवर्तमान आपण वाचतो, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणून ओळखितो. तसेच, रोज पुष्कळ पिणाऱ्या माणसास उपास-प्रार्थनेसाठी खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडणे अत्यंत धोक्याचे आहे. दोन-तीन दिवसांत कंप सुटतो, झटके येतात, भास होतात, आणि प्रसंगी जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी. प्रार्थना खाटेजवळ बसूनही करिता येते.

मग गावच्या मंडळीने काय करावे? मंडळीने चौथे दार होऊ नये. तिन्ही दारांपर्यंत हात धरून नेणारी सोबतीण व्हावे.

प्रत्येक मंडळीतील भगिनी मंडळाने एक-दोन प्रौढ, पोटात गोष्ट ठेवणाऱ्या बायका या कामासाठी निवडाव्यात. आजारी बहिणीबरोबर त्यांनी रुग्णालयात जावे, आणि तिचे सर्व कागद एका पिशवीत ठेवून प्रत्येक डॉक्टरला ते सगळे दाखवावेत, म्हणजे एकास दुसऱ्याचे औषध कळेल. दानपेटीतून एस.टी.चे भाडे द्यावे. त्या दिवशी तिची लेकरे कोणी तरी सांभाळावीत. तिने घरी मार खाल्ला असेल तर तेही डॉक्टरला सांगण्याचा धीर तिला द्यावा. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ हीच गोळीची वेळ ठरविली तर दोन्ही चुकत नाहीत.

तिचे गुपित कोणी फोडू नये. प्रार्थनेच्या विनंतीत नाव घेणे हेही गुपित फोडणेच आहे. एच.आय.व्ही. व एड्स संबंधीचा २०१७ सालचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे अशा माणसाची लागण त्याच्या संमतीवाचून उघड करणे आणि नोकरीत, शाळेत किंवा दवाखान्यात त्यास वेगळे वागविणे बेकायदा आहे. त्याच वर्षीचा मानसिक आरोग्याचा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने दारू व अमली द्रव्यांमुळे होणाऱ्या मनाच्या विकारांसही मानसिक आजारांतच गणिले आहे. यास्तव, आधी दारू सोड, मग मनाचे पाहू, असे तिला कोणी सांगितल्यास पाळकांनी किंवा पंचांनी नम्रपणे पण ठामपणे हा कायदा दाखवून द्यावा.

प्रभुभोजनाच्या मेजापासून तिला दूर ठेवू नये. एका प्याल्याने, एका ताटाने, हातात हात दिल्याने किंवा खोकल्याने हा विषाणू लागत नाही. मात्र प्याल्यात आंबविलेला द्राक्षारस असेल तर तो बदलून साधा रस ठेवावा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या बहिणीस मेजापाशीच मोह होणार नाही. आणि जिच्या तोंडी मरणाची भाषा आली तिला एकटी सोडू नये. त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे. उद्यावर टाकू नये.

एक गोष्ट आणखी. आपल्या तालुक्यातील चार मंडळ्यांनी मिळून जिल्हा शल्यचिकित्सकांस एक अर्ज द्यावा. ज्या वारी एच.आय.व्ही.च्या गोळ्या वाटल्या जातात, त्याच वारी मनाचा डॉक्टर आणि व्यसनाचा सल्लागार त्याच इमारतीत बसावेत, एवढीच मागणी त्यात असावी. यास नवी इमारत लागत नाही. वेळापत्रक बदलावे लागते. परंतु या एका बदलाने एका गरीब बाईच्या तीन फेऱ्यांची एक फेरी होते.

हे काम आपल्या लोकांस नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडिले, आणि पुढे केडगाव येथे मुक्तीची वसाहत उभी केली. दुष्काळात तेथे शेकडो मुली व बाया आल्या. त्यांत उपाशी, आजारी, विधवा, आंधळ्या सर्व होत्या. आणि ज्यांस जगाने पतित म्हणून टाकिले त्यांच्यासाठी कृपासदन होते. बाईंनी त्यांस असे सांगितले नाही की अन्नास एका गावी जा, औषधास दुसऱ्या आणि शिकावयास तिसऱ्या. अन्न, औषध, शाळा, हातास काम आणि प्रार्थना एकाच आवारात होती, कारण ज्या बाईस ही सर्व हवी होती ती एकच होती. आमच्याजवळ रमाबाईंचे सामर्थ्य नसेल. पण एका बहिणीबरोबर एक दिवस एस.टी.त बसण्याइतके सामर्थ्य प्रत्येक मंडळीत आहे.

प्रियजनहो, येत्या रविवारी उपासनेत आपल्याभोवती माणसांची दाटी असेल. त्या दाटीत कदाचित मागच्या रांगेत, पदराने तोंड झाकून, एखादी बहीण बसली असेल. आपला हात कोणास कळू न देता प्रभूच्या वस्त्रापर्यंत पोहोचावा, एवढीच तिची आशा असेल. आपणही कोठे तरी घाईने निघालेले असू. त्या वेळी थांबण्याची बुद्धी, तिचे सगळे ऐकण्याचा धीर आणि तिला लेक म्हणून हाक मारण्याचे प्रेम परमेश्वर आपणां सर्वांस देवो. आमेन.